फाटकाचं गणित

संपादकांना दिवाळी अंकासाठी यशोगाथा हव्या होत्या. 'खेड्यातली मुलं वर्कशॉपमध्ये शिकली, त्यांनी धंदा काढला, चार जणांना काम दिलं, असं काहीतरी लिहा,' असं ते फोनवर म्हणाले. तशी मुलं आहेत आणि त्यांच्यावर लिहिणारेही पुष्कळ आहेत. माझ्या डोक्यात मात्र सध्या एक फाटक आहे आणि ते हलायला तयार नाही. फराळाबरोबर थोडं लोखंड चावावं लागेल, सांभाळून घ्या.

मी माध्यमिक शाळांत 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' शिकवणाऱ्या निदेशकांना प्रशिक्षण देतो. मग त्यांच्या शाळांत जाऊन काम कसं चाललंय ते बघतो. शाळेत या विषयाला सगळे आयबीटी म्हणतात. आमच्या निम्म्या नातेवाइकांची समजूत आहे की मी आयटीआयमध्ये नोकरीला आहे. ती दुरुस्त करायचं मी सोडून दिलंय.

या विषयाचं मूळ शिरूर तालुक्यातल्या पाबळमध्ये आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत पीएच.डी. झालेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमणारी मुलं हाताने काम करताना पटापट शिकतात, हे त्यांनी ओळखलं होतं. बुद्धी वाढते ती हात चालतात तेव्हा, या विचारावर त्यांनी अख्खा अभ्यासक्रम उभा केला. २००३ साली ते गेले. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने पाबळला फॅब लॅब सुरू झाली होती. पाहुण्यांना आधी तीच दाखवतात. मला विचाराल तर आश्रमाची खरी कमाई म्हणजे राज्य मंडळाच्या आठवी ते दहावीच्या अभ्यासक्रमात शिरलेला हा साधा विषय.

साधा म्हणजे असा. आठवड्यातला एक दिवस मुलं वर्गाबाहेर असतात आणि आळीपाळीने चार विभागांत काम करतात: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन. कुणी शोषखड्डा खणतं, कुणी शेंगदाण्याची चिक्की करतं, कुणी वर्गमित्रांचं हिमोग्लोबिन तपासतं. कुणी गाईच्या छातीचा घेर टेपने मोजतं. घेराचा वर्ग गुणिले लांबी, दोन्ही इंचात, भागिले ६६० केलं की गाईचं वजन अंदाजे किलोत मिळतं आणि त्यावरून तिला चारा किती लागेल ते काढता येतं. शिकलेलं काम मग गावाला करून द्यायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. याला लोकोपयोगी सेवा म्हणतात. कार्यक्रमाचा प्राण इथे आहे, आणि घोटाळाही इथेच होतो.

फाटक हे असंच लोकोपयोगी सेवेतलं काम होतं. गावातल्या एका शेतकऱ्याला परसाला चार फूट रुंद, पाच फूट उंच फाटक हवं होतं. नववीच्या मुलामुलींनी जागेवर जाऊन माप घेतलं आणि अंदाजपत्रक केलं. उभ्या गजांचं वजन काढायला आमच्याकडे एक सूत्र आहे: व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर दर मीटरला किलोमध्ये. फॅब्रिकेशनच्या दुकानात ते सगळ्यांना तोंडपाठ असतं. १६२ कुठून आला, हे मात्र तिथे कुणी विचारत नाही. आमच्या निदेशकाने ते मुलांकडून काढून घेतलं: वर्तुळाचं क्षेत्रफळ, लोखंडाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर, मिलिमीटरचे मीटर. मग एका मुलीच्या लक्षात आलं की १० मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटरचा गज घेतला, तर जाडी वाढते दोन मिलिमीटरने आणि वजन वाढतं ४४ टक्क्यांनी. गजांचा खर्चही तेवढाच वाढतो. तिने गिऱ्हाइकाला दोन भाव सांगितले. त्याने मजबुती हवी म्हणून १२ चे गज घ्यायला सांगितले. पाच फुटांचा एक गज साधारण १ किलो ३५० ग्रॅम, असे नऊ.

सहामाहीच्या परीक्षेत वर्तुळाच्या क्षेत्रफळावर याच मुलीला किती गुण होते, ते मी विचारलं नाही. विचारायची गरजही वाटली नाही.

फाटक बसवलं आणि कडी लागेना. मुलांनी फ्रेमचे दोन्ही कर्ण मोजले होते, गुण्या लावून वेल्डिंगचे तात्पुरते टाकेही (टॅक) मारले होते. पण पूर्ण वेल्डिंग एकाच बाजूने सलग केलं. तापलेलं लोखंड निवताना आकसतं आणि फ्रेम पिळते. त्यात एक खांब ओळंब्यात नव्हता. शेतकरी शाळेत येऊन भांडला, 'पैसे मोजलेत मी.' मुलांनी परत जाऊन बिजागरी काढली, खाली वायसर घालून कडी बसती केली. माझ्या मते त्या वर्षातला सगळ्यात मोलाचा तास तो होता.

आता माझं तुणतुणं वाजवतो. २०१३ साली केंद्राने कौशल्यांची राष्ट्रीय चौकट आणली. त्यानंतर शाळाशाळांतून ऑटोमोबाईल, रिटेल, ब्युटी अँड वेलनेस असे एकेका क्षेत्राचे विषय आले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने व्यवसाय शिक्षणाला आणखी मान दिला, सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना ठेवले. चांगलंच झालं. पण माझा प्रश्न असा की चौदा वर्षांच्या मुलाने दुकानातल्या विक्रेत्याची भूमिका का घोकावी? त्याचं पोट कशावर चालणार हे ठरवायची एवढी घाई कुणाला झाली आहे? चार विभागांत हात घातलेलं मूल उद्या वकील झालं तरी त्याला अर्थिंग म्हणजे काय ते कळेल. बैठकीत मी हे बोललो की समोरचे विचारतात, 'सर, प्लेसमेंट किती?' नववीच्या मुलांचं प्लेसमेंट! मराठी, भूगोल या विषयांना हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही.

दुसरी तक्रार पाठीराख्यांबद्दल. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामाला द्यायला लावले, त्यातले काही आमच्याकडे वळले. कंपनी वेल्डिंग मशीन देते, ड्रिल देते, भिंतीवर नाव रंगवते, फीत कापते. वेल्डिंगच्या कांड्या कोण देणार? हॅक्सॉची पाती, कोंबड्यांचं खाद्य, वीजबिल? निदेशकाचं मानधन? निदेशक म्हणजे बहुतेक वेळा आसपासच्या गावातला आयटीआय झालेला तरुण. त्याचं मानधन रखडलं की तो चाकणला कंपनीत लागतो आणि मशीनवर गोणपाट पडतं. अशी गोणपाटं मी भरपूर बघितली आहेत. ज्या शाळांत गावाची कामं येत राहतात, तिथे कांड्यांचे पैसे त्या कामांतून सुटतात आणि मशीन चालू राहतं. म्हणून माझ्या हिशेबात कार्यक्रमाचा सगळ्यात मोठा पाठीराखा तो भांडायला आलेला शेतकरी आहे.

तर फाटकाचं पुढे काय झालं? एका मुलाचे वडील मुख्याध्यापकांकडे आले. पोरांकडून मजुरी करून घेता, वरती तक्रार करतो, म्हणाले. मुख्याध्यापक घाबरले आणि त्यांनी बाहेरची कामं बंद केली. मी त्या गृहस्थांना भेटलो तो शिकवायच्याच तयारीने. गॉगल, हातमोजे, अकरा नंबरची काच, निदेशक हजर असल्याशिवाय मशीन सुरू होत नाही, पैसा शाळेच्या खात्यात जातो, सगळं सांगू लागलो. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, 'सर, मी फॅब्रिकेशनच्या दुकानात हेल्पर आहे. मला गॉगलचं नका सांगू. हात काळे होऊ नयेत म्हणून पोराला शाळेत घातलंय. सरपंचाचं पोरगं तालुक्याला इंग्लिश शाळेत जातं, त्याला देता का घण?'

आमच्या व्याख्यानात याला उत्तर नाही. पिढ्यान्‌पिढ्या काही ठरावीक घरांनीच हात काळे केले आणि आता शिक्षण म्हणून तेच काम पुन्हा त्यांच्याच मुलांपुढे ठेवलं जातंय, असं त्यांना वाटलं तर चूक कुणाची? वर्गातली सगळी मुलं हे काम करतात, जात-पात, मुलगा-मुलगी न बघता, असं मी म्हणू शकतो आणि ते खरंही आहे. पण ऐपत असलेली मुलं त्या वर्गातच नसतात, हेही तितकंच खरं आहे. हा विषय इंग्रजी शाळांना सक्तीचा करावा, असं मी आता प्रत्येक बैठकीत मांडतो. टिपणात ते येत नाही.

त्या शाळेत आता मुलं सरावाचे तुकडे जोडतात आणि महिनाअखेर ते भंगारात जातात. तुकडा वाकडा झाला तरी भांडायला कुणी येत नाही, त्यामुळे कर्णही कुणी मोजत नाही.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. तुमच्या गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या शाळेत हा विषय असेल, तर देणगी देऊ नका, काम द्या. फाटक, स्टँड, शोषखड्डा, माती तपासणी, काहीही. अंदाजपत्रक मागा, त्यातले आकडे मुलांकडून समजून घ्या, पूर्ण पैसे देऊन पावती घ्या. तुमची स्वतःची मुलं शहरातल्या शाळेत असतील, तर तिथल्या मुख्याध्यापकांना विचारा की इथे वर्कशॉप का नाही. आणि गावात करून घेतलेल्या फाटकाची कडी लागली नाही, तर पोरांचं काम म्हणून सोडून देऊ नका, शाळेत जाऊन भांडा.