करंगळीवरचं वळण

फेब्रुवारीच्या अखेरीस राऊलांदला गेले ती फक्त स्कीचं टेलेमार्क वळण सुधारायला. ओस्लोच्या जवळपास सोयीचे उतार पुष्कळ आहेत, पण तिथे शनिवार-रविवारी झुंबड उडते, लिफ्टपाशी कर्ण्यावर गाणी लागलेली असतात. मला बर्फावर गाणं नको असतं. स्कीचा आवाजच ऐकायचा असतो. वळण बरोबर जमलं की तो एकसंध येतो आणि बिघडलं की खरखरतो. शिवाय या वळणाला ज्या टेलेमार्क प्रांताचं नाव पडलं, तिथेच जाऊन ते शिकावं ही इच्छा नॉर्वेत नोकरीला आल्यापासून मनात होती.

हे वळण ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आल्प्सच्या पद्धतीत बुटाची टाच स्कीला पक्की अडकवलेली असते. टेलेमार्कमध्ये फक्त पुढचा भाग अडकतो, टाच मोकळी राहते. डावीकडे वळायचं तर उजवा पाय पुढे सरकतो, डावा मागे जातो, त्याची टाच उचलली जाते आणि गुडघा खाली येतो. उजवीकडे वळताना पायांची अदलाबदल. उतरणारा माणूस प्रत्येक वळणाला खाली बसतो, मधे उठतो, पुन्हा बसतो. अख्खं अंग त्यात असतं, म्हणून मला हे सगळ्यात देखणं वळण वाटतं.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. अंगात जाड लोकरी स्वेटर, बोलणं मोजकं. त्यांनी मला आधी उतारावरून खाली जायला सांगितलं आणि स्वतः वरच थांबल्या. मी आठ-दहा वळणं घेऊन थांबले, तर त्या माझ्या वाटेच्या कडेकडेने, मधूनच वाकून बघत, सावकाश खाली आल्या.

"मी तुला पाहिलं नाही, तुझ्या रेघा पाहिल्या," त्या म्हणाल्या. "ये, दाखवते."

आम्ही कडेकडेने चढून माझ्या शेवटच्या वळणापाशी गेलो. पहाटे यंत्राने चोपून सारख्या केलेल्या बर्फावर दोन रेघा होत्या. पुढच्या स्कीची रेघ खोल, कडा स्वच्छ कापलेली. मागच्या स्कीची मात्र पुसट, मधे तुटलेली, आणि एका जागी तर बर्फ नुसता खरवडला गेलेला. बाईंनी हातमोजा काढून दोन्ही रेघांत बोट घातलं. पुढच्या रेघेत पेराएवढं आत गेलं, मागच्या रेघेत नखही बुडेना.

"मागचा पाय तू नुसता सोबत आणते आहेस. तो काम करत नाही. गुडघा खाली गेला म्हणजे वळण झालं असं बघणाऱ्याला वाटतं. बर्फाला तसं वाटत नाही."

मग पुढचा सगळा वेळ मागच्या पायावर गेला. वजन दोन्ही पायांवर साधारण सारखं हवं, हे पुस्तकातही असतं. ते तिथे कसं न्यायचं ते बाईंनी दाखवलं. मागच्या पायाचा चवडा दाबायचा, आणि चवड्यातही करंगळीची बाजू, कारण वळणाच्या आतल्या अंगाला असलेल्या त्या स्कीची करंगळीकडचीच कड बर्फात रुतायला हवी. टाच फार उचलायची नाही. ती उंच गेली की माणूस बोटांच्या टोकावर येतो आणि दाब संपतो. पाय लांब मागे सोडायचा नाही, तो कमरेखालीच राहिला पाहिजे.

हे ऐकताना मला सांगलीच्या शाळेतलं खो-खोचं मैदान आठवलं. चौकात बसणारा खेळाडू असाच बसतो: एक पाय पुढे, मागच्याची टाच उचललेली, भार चवड्यावर, पाय अंगाखाली आवळलेला. पाय लांब पसरून बसला तर खो मिळताक्षणी उठता येत नाही. मी बाईंना तिथेच बर्फात बसून दाखवलं. त्यांनी मला खांद्याला धरून हलवून पाहिलं, मी हलले नाही. "हेच," त्या म्हणाल्या, "आता हेच घेऊन खाली चल."

वळणं मात्र त्यांनी लगेच घेऊ दिली नाहीत. आधी उतार आडवा ओलांडत जायचं आणि न वळता पाय पुढेमागे करत राहायचं. अदलाबदल एका झटक्यात केली की मधे क्षणभर दोन्ही पाय रिकामे राहतात, आणि पडणारे बहुतेक त्या क्षणी पडतात. पाय एकमेकांजवळून सावकाश, न थांबता सरकले पाहिजेत. आणि पुढचा पाय पुढे ढकलण्यापेक्षा मागे जाणारा पाय मागे ओढायचा. सांगायला हा फरक एवढासा वाटतो. प्रत्यक्षात त्याने सगळं अंग पुढे, उताराच्या बाजूला राहतं. त्यानंतर दोन्ही काठ्या छातीसमोर आडव्या धरून वळायचं, आणि पाय कुठेही वळोत, काठ्या आणि छाती दरीकडेच राहतील असं बघायचं.

सगळ्यात कठीण परीक्षा शेवटी. वळणाच्या ऐन मध्यावर पुढची स्की क्षणभर बर्फावरून उचलायची. मागच्या पायावर खरोखर भार असेल तरच ती उचलली जाते. नसेल तर चिकटून बसते. लबाडीला त्यात जागाच नाही. डाव्या वळणाला ती लवकर उचलली गेली, उजव्याला दुपार झाली. पण ज्या वेळी गेली, त्या वेळी पायाखालचा आवाज बदलला. खरखर थांबली आणि दोन्ही स्क्यांचा मिळून एकच सुस्कारा ऐकू आला. बाई वरून ओरडल्या, "आता थांबू नकोस!"

दुपारी लाकडी खोपट्यात वाफल, त्यावर आंबट साय आणि जॅम, सोबत काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या सोल्बेर फळांचं गरम सरबत. नॉर्वेतलं तपकिरी चीज मला अजून आवडत नाही, ते मी शेजारच्या मुलाला दिलं.

पुढचे दिवस धुक्यात गेले. समोरचा गोठलेला तोताक तलावही दिसेना.

उतार बंद होते म्हणून एके दिवशी मोर्गेदालला गेले. या वळणाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या सोंद्रे नोरहाइमचा जन्म तिथला, 1825 चा. घर डोंगराच्या उतारावर, अगदी लहान. 1952 च्या ओस्लो हिवाळी ऑलिंपिकची ज्योत याच घरच्या चुलीत पेटवून 94 स्कीपटूंनी हातोहात राजधानीला नेली होती. पण मला ज्योतीपेक्षा स्कीला पाय बांधायच्या त्याच्या पद्धतीत रस होता. जुन्या स्कीला बोटांपाशी नुसता एक पट्टा असे. वळताना किंवा उडी मारताना पाय निसटायचा. नोरहाइमने पिळलेल्या फांद्यांचा वेढा टाचेमागून घेतला. टाच उचलता येते, पण पाय सुटत नाही. पहिल्या दिवशी मी ज्या मागच्या पायासाठी झगडले होते, त्याला काम करता यावं अशी सोय या गरीब कुळाने केली होती. 1868 साली, बेचाळिसाव्या वर्षी, तो राजधानी क्रिस्तिआनियाला जाऊन तरुणांना हरवून आला. स्कीउडीत आजही जमिनीवर उतरताना एक पाय पुढे आणि गुडघे वाकलेले असले तरच शैलीचे पूर्ण गुण मिळतात. त्या ठेवणीलाही टेलेमार्कच म्हणतात.

आणि हा माणूस 1884 मध्ये पोटासाठी कुटुंबासह अमेरिकेला गेला, नॉर्थ डकोटाच्या सपाट माळरानावर राहिला आणि 1897 मध्ये तिथेच वारला. बर्फ होता, उतार नव्हता. त्या घराच्या दारात उभं राहून समोरचा डोंगर बघताना ही गोष्ट मला फार लागली.

धुकं निवळलं त्या सकाळी नवा बर्फ पडला होता, गुडघाभर. बाईंनी मला आखलेल्या उताराबाहेर, विरळ बर्चच्या झाडांत नेलं. "चोपलेल्या बर्फावर मागचा पाय आळशी राहिला तरी निभतं," त्या म्हणाल्या. "इथे निभत नाही." खरंच होतं. भुसभुशीत बर्फात सगळं वजन पुढच्या स्कीवर गेलं की तिचं टोक आत घुसतं. भार दोन्हींवर वाटला की दोन्ही स्क्या तरंगत वर राहतात. इथे फार खाली बसायचंही नाही. पाय अंगाखाली, चवडा दाबलेला, आणि अदलाबदल आणखी सावकाश. बर्फ नडगीला लागून दोन्ही बाजूंना उडत होता आणि पहिल्यांदाच मला मागच्या पायाची आठवण करून द्यावी लागली नाही.

खाली पोचल्यावर आम्ही दोघींनी वळून वर पाहिलं. बाईंनी लांबूनच माझी उजवी वळणं दाखवली. "ही अजून उथळ आहेत."

ईस्टरपर्यंत इथे बर्फ टिकतो. त्या आठवड्यातला त्यांचा वेळ माझ्या नावावर लिहून घेतला आणि मगच बसमध्ये चढले.