वडशाची मंडई आणि अब्बांचा कान

चांदा फोर्ट स्टेशनवर गाडीची वाट पाहताना अब्बांनी तीन वेळा खिसा चाचपला. तिकिटे आमच्याकडे होती. त्यांना खात्री करायची होती ती कानाच्या मशीनच्या डबीची. मशीन घेऊन दीड वर्ष झाले. ते डबीत असते आणि डबी खिशात. "तिथं गेल्यावर लावतो," ते म्हणाले. घरातही ते असेच म्हणतात.

आम्ही दोघी बहिणी. एकीचे सासर नागपूरला, दुसरी चंद्रपुरातच. अब्बांना घेऊन वडशाजवळच्या एका गावच्या मंडईला निघालो होतो. दिवसा दंडार पाहायची, रात्री नाटकाचा एखादा अंक पाहून परतायचे, असा बेत होता. अम्मीला जाऊन दोन वर्षे झाली. एवढ्या काळात अब्बांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. त्यामुळे नाही म्हणणे आम्हाला जमले नाही.

अब्बांचा धंदा भोंग्यांचा. लग्ने, उरूस, गणपती, निवडणुका, सगळीकडे त्यांचे भोंगे आणि ॲम्प्लिफायर जायचे. पण खरी कमाई दिवाळी ते होळीची. त्या चार महिन्यांत ते घरी पाहुण्यासारखे येत. आज या गावी नाटक, उद्या त्या गावी. सकाळी घरी आले की धुळीने माखलेल्या तारा अंगणात पसरून बसायचे आणि अम्मी म्हणायची, "आधी तोंड धुवा, मग तारा." पंचवीस वर्षे त्यांनी भोंग्याच्या शेजारी बसून काढली. कान त्यातच गेले. डावा पूर्ण, उजवा अर्धा.

आदल्या रात्री घरात थोडी कुरबूर झाली, तीही सांगून टाकतो. भाईजान म्हणाले, "हज करून आलेल्या माणसानं रात्रभर नाटकाच्या मंडपात बसायचं? मोहल्ल्यात लोक काय म्हणतील?" अब्बांना ते ऐकू आले नसावे असे आम्हाला वाटले. पण नको ते त्यांना बरोबर ऐकू येते. "तुझी इंजिनिअरिंगची फी याच मंडपातून आली," एवढेच बोलून ते इशाच्या नमाजला उठले. गाण्याबजावण्याबाबत आपल्या घरांत एकमत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो निकाल द्यायला आम्ही आलिम नाही. सकाळी भाईजान स्टेशनवर सोडायला आले नाहीत, याचे मात्र वाईट वाटले.

गाडी मूल मारोडा, सिंदेवाही, नागभीड करत जाते. आमच्या लहानपणी हा मार्ग अरुंद रुळांचा होता. आता मोठी गाडी धावते, पण जंगल तेच. सागाची पाने धुळीने तांबूस झालेली, मध्येच एखादा तलाव आणि त्यात शिंगाड्याचा वेल पसरलेला. मग धानाच्या बांध्या. निम्मे धान कापून आडवे पडलेले, निम्मे उभे. सिंदेवाहीला चढलेल्या एका बाईने शेजारणीला गावात वाघ कुठपर्यंत आला होता ते इतक्या सहज सांगितले, की जणू शेजारची गाय सुटली होती. नागपूरवाली बहीण खिडकीपासून थोडी सरकून बसली. ब्रह्मपुरीनंतर वैनगंगेचा पूल आला. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. 1982 मध्ये चंद्रपुरातून तो वेगळा झाला, पण अब्बा अजूनही सगळ्याला चांदाच म्हणतात.

वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे झाडीपट्टीच्या नाटकांचे बाजारपेठेचे गाव. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या आणि झाडांच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. इथे नाटक मंडळ्यांची रांगेने कार्यालये आहेत. बाहेर रंगीत फलक, आत टेबलामागे वही. गावोगावचे लोक येतात, नाटक पाहून नाही तर नट-नट्यांची नावे वाचून तारीख ठरवतात आणि बयाणा देऊन जातात. पुण्या-मुंबईत नाटकाला प्रेक्षक मिळत नाहीत म्हणून परिसंवाद भरतात. इथे प्रेक्षक गोधडी घेऊन येतो आणि पहाटेपर्यंत उठत नाही. 2020 च्या हंगामात कोरोनाने हे सारे ठप्प केले होते, तेव्हा कित्येक कलावंत धानकापणीच्या मजुरीला गेले. पुढे 2023 मध्ये गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका केलेला हा माणूस. अब्बांनी ते पेपरातले कात्रण अम्मीच्या औषधांच्या डब्यात ठेवले आहे. का, ते विचारू नका.

वडशाहून ऑटोने गावी पोचलो. अब्बांचे जुने मित्र तिथे राहतात. निवृत्त शिक्षक, पण सगळे त्यांना ऑर्गन मास्तर म्हणतात. अंगणात पाऊल टाकताच म्हणाले, "या जी हाजीसाहेब! किती वर्षानं आले जी!" दोघे म्हातारे एकमेकांचे हात धरून उभे राहिले. मास्तर हळू बोलतात, अब्बांना ऐकू येत नाही, तरी दोघांच्या गप्पा तासभर चालल्या. मंडईच्या दिवशी या गावांत प्रत्येक घरी पाहुणे असतात. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. मास्तरांच्या सुनेने आमच्यासाठी नव्या तांदळाचा भात आणि वालाची भाजी वेगळ्या भांड्यात केली होती, आणि जुहरच्या नमाजसाठी आतल्या खोलीत धुतलेली चादर अंथरून ठेवली होती. आम्ही सांगितलेही नव्हते. अब्बा पूर्वी याच खोलीत नमाज पढत, हे सुनेला सासूने सांगून ठेवलेले.

दुपारी दंडार. गावच्या चौकात, उन्हात, पडद्याशिवाय. शेतकरी, सुतार, दुकानदार असे गावचेच लोक नाचतात, गातात आणि सोंगे आणतात. बायकांची कामे पुरुषच करतात. मिशी काढून लुगडे नेसलेला एक नट मास्तरांचा पुतण्याच निघाला. झाडीपट्टीचे नाटक या दंडारीतून वाढले असे जाणकार सांगतात. ढोलकीवाला मध्येच थांबून धाकट्या पोराला ओरडायचा आणि पुन्हा त्याच मात्रेवर पकडायचा. अब्बांनी मशीन लावले, दोन मिनिटांत काढले. "ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते यात," म्हणाले. "बोलणं ऐकायला ठीक आहे, वाजवणं ऐकायला नाही."

संध्याकाळी ओसरीवर बसलो असताना धाकटीने भाईजानांचा विषय काढला. मास्तर हसले आणि उठून आतून ऑर्गन दाखवायला घेऊन गेले. पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन, वरच्या चारदोन पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. म्हणाले, "बाई, ही पेटी मी शिकलो ती नाट्यपदं वाजवत. आणि ती पदं आली कोठून? 'स्वयंवर' नाटकाच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवा शिकले कोणाकडं? फैज मोहम्मद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ. 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते पण अल्लादिया खाँसाहेबांना गुरू मानत. आमच्या बोटांत तुमचेच उस्ताद बसले आहेत जी." पेशवाईतले लावणीकार शाहीर सगनभाऊ मुसलमान होते, हेही त्यांनी सांगितले. आम्ही दोघी शिकलेल्या, तरी यातले निम्मेसुद्धा आम्हाला माहीत नव्हते. घरी भाईजानांना सांगायचे ठरवले.

रात्री साडेनऊला मंडपात गेलो. जमीन खणून उतरती केलेली, खाली पुढे रंगमंच, भोवती कापडाची कनात. पुढे गाद्या, मागे खुर्च्या आणि कडेने नुसती जमीन. बायका इतक्या, की आम्हाला अवघडल्यासारखे मुळीच झाले नाही. शालीत गुंडाळलेली बाळे, शेंगदाण्याच्या पुड्या, डोक्याला घट्ट बांधलेले मफलर. वादक रंगमंचाच्या पायथ्याशी. ऑर्गन होता, तबला होता, आणि दोघांच्या शेजारी ऑक्टोपॅड मांडून एक विशीतला मुलगा. त्याला पाहून अब्बांची भुवई वर गेली. वर तारेला लोंबणारे माइक मात्र त्यांच्या काळातलेच. नट बोलायचे वाक्य आले की माइकखाली सरकतो आणि मग पुन्हा मागे. "दोन माइकच्या मध्ये गेला की आवाज पडतो," अब्बा आमच्या कानाशी मोठ्याने म्हणाले. पुढच्या ओळीतले चारजण वळून पाहू लागले.

कथा नेहमीचीच होती. सावकार, दोन भाऊ, वाटणी, एक रडणारी आई, मध्ये एक विनोदी नोकर. ती सविस्तर सांगत नाही. पण दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला त्यांनी जे केले ते आम्ही आजवर कुठे पाहिले नव्हते. दिवे मंद झाले. ऑर्गन थांबला, तबला थांबला. रंगमंचावर चार बायका बसलेल्या. एकीच्या हातात सूप, एकीकडे पितळी परात, दोघींकडे मुसळे. सुपात धान पाखडल्याचा सळसळ आवाज, मग मुसळाचा ठोका, परातीवर बोटे. त्या मुलाने ऑक्टोपॅडवर नेमका मुसळाचाच आवाज भरून ठेवला होता. खऱ्या ठोक्यामागून अर्ध्या मात्रेने तो त्याचा ठोका टाकायचा. शब्द नाहीत, चाल नाही. पाच-सहा मिनिटे नुसता धान कांडण्याचा आवाज वाढत गेला. मागून कुणी तरी ओरडले, "गाणं लावा जी!" काही हसले. मग हसणे बंद झाले, कारण मंडपातल्या म्हाताऱ्या बायका मान डोलवू लागल्या होत्या. हे काम त्यांच्या हातांनी आयुष्यभर केलेले.

आम्हाला ते फार आवडले, आणि थोडे लांबलेही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. शेवटी तो मुलगा स्वतःच्या खुशीत वाहवला आणि बायका मागे पडल्या. ऑर्गनवाल्याने त्याला कोपराने ढोसल्यावर तो भानावर आला. प्रेक्षकांतून वन्समोअर आला नाही. बक्षिसाच्या चिठ्ठ्या आल्या त्या पुढच्या लावणीला.

या सगळ्यात अब्बा जागेवर नव्हते! पाहतो तर ते मंडपाच्या कडेच्या लाकडी खांबाशी उभे. त्या खांबाला भोंगा बांधलेला. अब्बांचा तळहात खांबावर सपाट टेकवलेला, डोळे मिटलेले. थंडीत पडतील म्हणून आम्ही घाईने गेलो. त्यांनी न बोलता धाकटीचा हात ओढून खांबावर ठेवला. लाकडातून ठोका येत होता. आधी मुसळाचा, मग अर्ध्या मात्रेने त्याचा. "दोन वेगळे आहेत," अब्बा म्हणाले. "एक लाकूड आहे, एक बिजली. पोरगा हुशार आहे. पण आवाज तापलाय त्याचा, कुणी तरी कमी करा." आणि खरोखरच ते भोंगेवाल्याकडे जाऊन बोटाने खूण करून आले. त्या बिचाऱ्यानेही निमूटपणे बटण फिरवले.

एका अंकाचा बेत होता, पण उठायचे नाव कुणी काढले नाही. नाटक संपले तेव्हा चार वाजून गेले होते. मास्तरांच्या पुतण्याने मिशीविना, पण आता पँट-शर्टात, आम्हाला जीपने वडशाला सोडले. फजरची अजान झाली आणि अब्बा मशिदीत गेले. आम्ही जीपच्या टपावरचे दव पुसत बसलो.

परतीच्या गाडीत ते नागभीडपर्यंत झोपले. जागे झाल्यावर विचारले, "तुम्हाला कंटाळा आला का रे बेटा?" आम्ही नाही म्हटले. "तुमच्या अम्मीला एकदा आणलं होतं. तिला दंडार आवडली, नाटकात झोपली." मग चांदा फोर्ट येईपर्यंत ते खिडकीच्या चौकटीवर बोटे आपटत होते. मुसळाचा ठोका आणि अर्ध्या मात्रेने दुसरा. दुसरा दर वेळी चुकायचा.

स्टेशनबाहेर भाईजान मोटरसायकल घेऊन उभे होते. फोन आम्ही केला नव्हता. सलाम झाला. अब्बांची पिशवी घेत, दुसरीकडे पाहत, भाईजानांनी विचारले, "ऑर्गन होता का? की सगळं मशीनवरच?"

"काय?" अब्बा म्हणाले.

भाईजानांनी मोठ्याने पुन्हा विचारले. आजूबाजूचे ऑटोवाले पाहू लागले. अब्बांनी खिशातून डबी काढली, मशीन कानात बसवले आणि म्हणाले, "हां, आता विचार."