बंधन असो वा नसो

वकिलीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला 'फुकट' या शब्दाविषयी एक प्रकारचा अविश्वास जडलेला असतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे 25 वे कलम मोबदल्यावाचून केलेला करार, काही मोजके अपवाद वगळता, रद्दबातल ठरविते. 70 वे कलम असे सांगते की, फुकट करण्याचा हेतू नसताना एकाने दुसऱ्यासाठी काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने त्याची भरपाई केली पाहिजे. तात्पर्य, फुकट श्रम ही कायद्याच्या दृष्टीने अपवादाची बाब. म्हणूनच संयुक्त राष्ट्रसंघाने 2026 हे वर्ष स्वयंसेवकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केल्याचे वाचले, तेव्हा आम्हांला प्रथम हसू आले आणि मग आमच्याच आयुष्यातले तीन आठवडे आठवले. त्या तीन आठवड्यांत आम्ही फुकट काम केले होते. इतकेच नव्हे, तर ते करावयास मिळावे म्हणून पदरचे पैसे मोडून परदेशी गेलो होतो.

ही गोष्ट 2004 च्या उन्हाळ्यातली. कायद्याची अखेरची परीक्षा नुकतीच आटोपली होती आणि सनद हाती यावयाची होती. फ्रान्सच्या ईशान्येस, लोरेन प्रांतात, म्यूज नदीच्या खोऱ्यात एका खेड्यात तरुण स्वयंसेवकांचे आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर भरणार होते, आणि त्यासाठी आमची निवड झाली होती. अटी साध्या होत्या. प्रवासखर्च ज्याचा त्याने करावयाचा, राहण्या-जेवणाची सोय गावाने करावयाची, दिवसाकाठी सहा तास काम, आणि मजुरी नाही. व्हिसाच्या खिडकीपलीकडील अधिकाऱ्याने आमचा अर्ज दोनदा वाचला आणि विचारले, ''काम करणार, पण पगार नाही?'' आमच्या वडिलांनी तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला. ''माती उपसायला फ्रान्सला जायला हवे का रे? आपल्या भाटात माती थोडी आहे?'' त्या वेळी आम्ही त्यांची कीव केली. या प्रश्नात वडिलांना अभिप्रेत नसलेला एक अर्थ दडला होता, तो उमगण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

शिबिरात अकरा देशांची अठरा मुले होती. गावच्या शाळेत फळ्याखाली अंथरुणे घातलेली. कोणाचीही भाषा कोणाला धड येत नसल्यामुळे सर्वांनी मिळून मोडक्या इंग्रजीचे एक सामायिक संस्थान उभारले होते. स्वयंपाकाची, भांड्यांची आणि संडास धुण्याची पाळी प्रत्येकावर यावयाची. आमच्या पाळीला आम्ही वरणभात केला. नारळावाचून स्वयंपाक करण्याचा तो आमचा पहिला प्रसंग. तरीही मंडळींनी पातेले पुसून खाल्ले. संडास धुण्याची पाळी आली तेव्हा हातात ब्रश घेऊन आम्ही क्षणभर दारात उभे राहिलो. घरी हे काम आम्ही कधी केले नव्हते. येथे मात्र ते केल्यावर लाज वाटण्याऐवजी एक उमदा अभिमान वाटला, आणि त्या रात्री घरी लिहिलेल्या पत्रात त्याचा उल्लेखही आम्ही केला.

आमच्याकडे सोपविलेले काम होते गावच्या धुणीघराच्या दुरुस्तीचे. त्या मुलखात खेडोपाडी दगडी बांधणीची जुनी सार्वजनिक धुणीघरे आहेत. त्यांना 'लाव्वार' म्हणतात. झऱ्याचे पाणी दगडी हौदात खेळविलेले असते, वर कौलारू छप्पर आणि हौदाच्या कडेला उतरते दगड. घरोघर नळ आणि यंत्रे आल्यावर ती ओस पडली. आमच्या गावच्या हौदात गाळ भरला होता आणि एक भिंत फुगून बाहेर आली होती. गाळ उपसावयाचा, भिंतीचे दगड उतरवून साफ करावयाचे आणि चुन्यात पुन्हा बसवावयाचे, असा क्रम ठरला. कामावर देखरेख करणारा गवंडी पहिल्याच दिवशी आम्हांला म्हणाला, ''खणताना लोखंड लागले तर हात लावू नका. मला हाक मारा.'' 1916 च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत त्या टापूत जी लढाई झाली, तिचे न फुटलेले तोफगोळे तेथील शेतांतून अजूनही निघतात. व्हर्दूनच्या भोवतालची नऊ गावे त्या लढाईत अशी बेचिराख झाली की, फ्रेंच सरकारने 'फ्रान्ससाठी मृत' असा त्यांचा गौरव केला.

श्रमशिबिराच्या कल्पनेचा जन्म याच भूमीवर झाला, हे आम्हांला तेथे कळले. पियेर सेरेझोल हा स्विस अभियंता, स्वित्झर्लंडच्या एका माजी राष्ट्राध्यक्षाचा मुलगा. सैन्यकर भरण्यास नकार दिल्यामुळे त्याने तुरुंग पाहिला होता. 1920 च्या हिवाळ्याच्या तोंडाशी तो काही सोबत्यांसह व्हर्दूनजवळच्या एन-आन-आर्गोन या उद्ध्वस्त गावी आला आणि घरे उभारू लागला. सोबत्यांत जर्मनही होते. ज्यांच्या तोफांनी गाव पाडले, त्यांच्याच भाऊबंदांनी ते बांधू लागावे, यात त्याचा सारा सिद्धान्त होता. तथापि जर्मनांच्या उपस्थितीला विरोध झाला आणि काही महिन्यांतच काम गुंडाळावे लागले. त्यातूनच पुढे 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना आकारास आली. 1928 साली लिख्टेनस्टाइनमध्ये ऱ्हाइनच्या पुराचा गाळ उपसण्यासाठी सातशेहून अधिक स्वयंसेवक जमले. 15 जानेवारी 1934 च्या भूकंपाने बिहार हादरला, तेव्हा हाच सेरेझोल भारतात आला आणि मुझफ्फरपूर जिल्ह्यातील पुराच्या पट्ट्यातली गावे नव्या जागी वसविण्यासाठी तेथील लोकांबरोबर त्याने माती वाहिली.

शिबिराच्या प्रमुखाने हे एका संध्याकाळी सांगितले आणि साहजिकच सर्वांनी आमच्याकडे पाहिले. भारताचा एकमेव प्रतिनिधी या नात्याने आम्हांला त्या माणसाचे नावही ठाऊक नसावे, याची लाज वाटली. पण खरी लाज त्यानंतर वाटावयाची होती. पोलंडची एक मुलगी शेजारी बसली होती. तिने सहज विचारले, ''तुमच्या घरी असले खणण्याचे काम कोण करते?''

आम्ही उत्तर दिले, ''आमची माणसे करतात.''

''म्हणजे घरचीच?'' तिने विचारले.

आम्ही 'नाही' म्हणालो आणि मग 'मुंडकार' या शब्दाचा इंग्रजी अर्थ सांगू लागलो. आमच्या गोव्यात भाटकाराच्या जमिनीवर, त्याच्या संमतीने घर बांधून पिढ्यान् पिढ्या राहणारे कुटुंब, ते मुंडकाराचे. भाटातले नारळ पाडणे, पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे, कोसळलेला गडगा रचणे, लग्नकार्यात राबणे ही त्याची पूर्वापार कामे. घर भाटकाराच्या जागेत असल्यामुळे ती करणे त्याला भाग असे. हे सांगताना आपल्या कानांना आपलाच आवाज परका वाटू लागला. त्या मुलीने काही टीका केली नाही. ती एवढेच म्हणाली, ''म्हणजे तोही फुकटच काम करतो.''

त्या वाक्यापुढे आमचा कायद्याचा सारा अभ्यास निरुपयोगी झाला. दोन माणसे, दोघांच्या हाती फावडे, दोघांनाही मजुरी नाही. त्यांतल्या एकाला प्रशस्तिपत्र मिळते आणि दुसऱ्याला 'आमची माणसे' या दोन शब्दांत गुंडाळले जाते. भेद श्रमात नाही, तो 'नाही' म्हणण्याच्या मुभेत आहे. आम्ही उद्या सकाळी फावडे टाकून परतीचे तिकीट काढले असते, तर कोणी आमच्या घराचे कौल काढणार नव्हते.

याची दुसरी बाजू पुढच्या आठवड्यात दिसली. गावातली एक वृद्धा रोज दुपारी येऊन आमचे काम पाहत उभी राहत असे. हौदाचा तळ मोकळा झाला आणि स्वच्छ पाणी आत आले, त्या दिवशी ती कडेच्या एका दगडाजवळ वाकली. दगड मध्ये झिजून खोलगट झाला होता. आमच्यातल्या एका फ्रेंच मुलाने तिचे बोलणे समजावून दिले. तिची आई दुसऱ्यांचे कपडे धुऊन पोट भरी. हिवाळ्यात पाण्यावरचा बर्फ फोडून ती याच दगडाशी गुडघे टेकून बसे. तिच्या हातांना पडलेल्या भेगा कधी भरून आल्या नाहीत. आता गावाला या वास्तूचा अभिमान वाटतो, परदेशची मुले ती हौसेने दुरुस्त करतात, हे चांगलेच आहे, असे ती म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, ''आई असती तर तिने हे बुजवायला सांगितले असते.''

कोणी काही बोलले नाही. आम्हांला आमच्या भाटातली झरी दिसत होती, आणि तेथे दगडावर आमचे कपडे आपटणारी मुंडकाराची बायको दिसत होती. तिचे हात आम्ही कधी पाहिले होते काय? आठवेना.

शेवटच्या रविवारी आम्हां सर्वांना दुओमोंच्या अस्थिस्मारकात नेण्यात आले. ओळख न पटलेल्या सुमारे 1,30,000 सैनिकांच्या अस्थी तेथे एकत्र ठेवल्या आहेत. त्या फ्रेंच आहेत की जर्मन, हे कोणी सांगू शकत नाही. 1984 साली मितराँ आणि कोल या दोन राष्ट्रांच्या नेत्यांनी तेथेच एकमेकांचा हात धरला होता. आमच्यातली जर्मन आणि फ्रेंच मुले खिडक्यांतून आत पाहत शेजारी शेजारी उभी होती. सेरेझोलने चार भिंती बांधण्यासाठी केलेली धडपड व्यर्थ गेली नाही, असे त्या क्षणी वाटले. पण याच क्षणी एक ओशाळवाणा विचारही मनात आला. शत्रूच्या बरोबरीने फावडे धरणे अवघड खरे. पण आपल्या दारच्या माणसाच्या बरोबरीने ते धरणे त्याहून सोपे आहे काय?

उत्तर घरी पोहोचल्यावर पंधरवड्यातच मिळाले. ऑगस्ट सरत आला होता. पावसाने भाटाच्या खालच्या अंगाचा चिऱ्यांचा गडगा ढासळला होता. ताज्या विद्येचा उत्साह अंगात होता. आम्ही फावडे घेऊन निघालो आणि चिरे बाजूस काढू लागलो. इतक्यात मुंडकार धावत आला. त्याचे वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास. त्याने आमच्या हातातले फावडे धरले आणि कळवळून म्हणाला, ''बाब, तुमी कित्याक? हांव आसां न्हय?''

त्याच्या त्या प्रश्नात प्रेम होते, तसेच भयही होते. बाबाने काम करावे म्हणजे आपल्याकडून काही चुकले, असे त्याला वाटत होते. ओसरीवरून वडील पाहत होते. रस्त्यावरून जाणारे दोघे थांबले होते. आम्ही फावडे सोडून दिले. परदेशात तीन आठवडे जे कोणी आमच्या हातून घेऊ शकले नसते, ते येथे आम्ही सहज देऊन टाकले, आणि छत्री घेऊन त्याच्या शेजारी उभे राहिलो. तो चुन्यावाचून, नुसत्या नजरेने चिऱ्यावर चिरा बसवीत होता. फ्रान्सच्या गवंड्याहून त्याचा हात बसलेला होता. आमच्या दारी एवढा गुरू असता आम्ही शिकवणीसाठी सातासमुद्रांपलीकडे गेलो होतो.

आमच्या कोकणपट्टीत हे कोडे फार पूर्वी एकाने सोडविले होते. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास-सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून अन्न सोडले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभिला. जे काम दुसऱ्यावर जन्माने लादलेले आहे, ते स्वेच्छेने मागून घेण्यासाठीही झगडावे लागते, याची ती साक्ष. आमच्यापाशी तेवढे बळ नव्हते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

पुढे काही वर्षांनी त्याच मुंडकाराने 1975 च्या मुंडकार कायद्याखाली आपले घर विकत घेण्यासाठी मामलेदाराकडे अर्ज केला. घरात वादळ उठले. ''वकील घरात असून उपयोग काय?'' असे काकांनी विचारले. विरोधासाठी मुद्दे शोधावेत म्हणून आम्ही कायदा उघडला, आणि व्याख्येच्या कलमातच अडखळलो. भाटकाराची सेवा करण्याचे बंधन असो वा नसो, त्याच्या संमतीने स्थिर वस्ती करून राहणारा तो मुंडकार, अशा अर्थाचे शब्द तेथे होते. ते कलम आम्ही पूर्वी अनेकदा वाचले होते. पण 'बंधन असो वा नसो' या शब्दांतून म्यूजकाठचे ते धुणीघर आणि त्या पोलिश मुलीचा प्रश्न प्रथमच वर आला. आम्ही वडिलांजवळ बसलो आणि हरकत घेऊ नये असे सांगितले. यात औदार्य काहीच नव्हते. कायद्याने त्याचे जे होते, त्याच्या आड न येणे एवढेच होते. वडील रात्रभर बोलले नाहीत. सकाळी त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली. काकांनी मात्र वर्षभर आमच्याशी भाषण सोडले.

घर त्याच्या नावे झाल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात तोच गडगा पुन्हा ढासळला. आता त्याच्या एका अंगाला त्याची जागा होती आणि दुसऱ्या अंगाला आमची. आम्ही फावडे घेऊन गेलो. तो आपल्या बाजूने आधीच कामाला लागला होता. या वेळी त्याने आमचा हात धरला नाही. थोडा वेळ तो आमचे काम पाहत राहिला आणि मग म्हणाला, ''बाब, तो चिरा उलटा बसला.''

आम्ही तो काढून पुन्हा बसविला.