मध्यंतरातली मंडळी

पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला लोक छांदिष्ट म्हणतात, जुनी नाणी जमवणाऱ्याला संशोधक म्हणतात. जुन्या सिनेमाच्या जाहिराती जमवणाऱ्याला मात्र सरळ भंगारवाला समजतात. मी या तिसऱ्या वर्गातला. पालघरातल्या आमच्या बिऱ्हाडात पलंगाखाली भित्तिपत्रकांच्या गुंडाळ्या आहेत आणि कपाटावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, काचेच्या स्लाइड्स आहेत. दिवाळीची साफसफाई जवळ आली, की दोन्ही ठिकाणी मला पहारा द्यावा लागतो. "त्या काचा एकदाच्या विका, म्हणजे चकल्यांना डबे तरी मिळतील," अशी सूचना घरातून दरवर्षी येते. सूचना रास्त आहे हे मी दरवर्षी मान्य करतो. डबे मात्र सोडत नाही.

भित्तिपत्रकाची गंमत अशी, की ते टिकण्यासाठी केलेलेच नसते. एका शुक्रवारी खळ लावून चिकटवायचे आणि पुढच्या शुक्रवारी त्याच्याच तोंडावर दुसरे! अशा आठवड्याच्या धन्याने सिनेमाच्या मागे जगावे, हा दैवाचा खेळच म्हणायचा. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा 'कल्याण खजिना' १९२४ सालचा. तो चित्रपट आज पाहायला मिळत नाही, पण त्याचे रंगीत भित्तिपत्रक राहिले आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या 'आलम आरा'ने पडद्याला वाचा दिली. त्याची एकही प्रत आज सापडत नाही. उरली ती छायाचित्रे आणि जाहिराती. जुनी फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडली की पेटणारी. जी पेटली नाही ती कित्येकदा तिच्यातल्या चांदीसाठी वितळवली गेली. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायरांनी जन्मभर हिंडून जे हाती लागेल ते गोळा केले, म्हणून निदान एवढे तरी वाचले.

हे दुःख आपल्याच वाट्याला आले आहे असे मात्र नाही. माझा भाचा मेलबर्नला असतो. १९०६ साली त्याच शहरात 'द स्टोरी ऑफ द केली गँग' हा तासाहून मोठा चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला, आणि आज त्याचे थोडेसे तुकडेच शिल्लक आहेत. भाच्याने मला तिकडचे एक जुने भित्तिपत्रक पाठवले. तेरा इंच रुंद, तीस इंच लांब, पंचासारखे अरुंद. तिकडे त्याला 'डेबिल' म्हणतात. त्याच्या शेजारी मी 'मिस फ्रंटियर मेल'च्या भित्तिपत्रकाची नवी नक्कल लावली आहे. त्यालाही कारण आहे. त्या १९३६ सालच्या चित्रपटात आगगाडीच्या टपावर गुंडांना लोळवणारी नादिया ही मूळची मेरी इव्हान्स, जन्म १९०८ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ गावी. आणि जिचे नाव चित्रपटाला दिले, ती फ्रंटियर मेल १९२८ पासून पेशावरला जाताना आमच्याच पालघर-बोईसरच्या रुळांवरून धावत होती! १९९६ पासून तिला गोल्डन टेंपल मेल म्हणतात आणि ती अमृतसरपर्यंत जाते. रात्री तिची शिटी ऐकली, की मला टपावरची नादिया आठवते.

पण खरे सांगायचे, तर माझा जीव आहे तो काचांत. तळहातावर मावेल एवढी काच घ्यायची, तिला काळा रंग द्यायचा, त्यात टोकदार काडीने अक्षरे कोरायची, कोरलेल्या जागी पारदर्शक रंग भरायचा. वर दुसरी काच ठेवून कडांना काळी कागदी पट्टी डकवायची. झाली स्लाइड. यंत्रात ती उलटी घालावी लागे, तेव्हा पडद्यावर सुलटी दिसे. ही कला आपल्या मुलखाला परकी नव्हे. सिनेमा जन्मण्याआधी, १८९२ साली, कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी हाताने रंगवलेल्या काचांचे खेळ सुरू केले आणि त्यांना 'शांबरिक खरोलिका' असे भारदस्त नाव दिले. कल्याण तेव्हा आमच्याच जिल्ह्यात. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, एवढेच.

मध्यंतरात दिवे लागायच्या जरा आधी या काचा पडद्यावर येत. नट-नटी पडद्यावर असेपर्यंत प्रेक्षक गप्प. पण 'आमचे येथे लग्नाचे फेटे भाड्याने मिळतील' ही पाटी दिसली, की थिएटरात कुजबूज सुरू होई. कारण फेटेवाला तिसऱ्या रांगेत बसलेला असे! सिनेमातली माणसे मुंबईची. मध्यंतरातली मंडळी आपली. सायकल दुरुस्ती, चष्मेवाला, पिठाची गिरणी, खताचे दुकान, 'शांतता राखा' आणि 'टोप्या काढून बसा'. १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली, पुढे बोईसरला कारखाने आले, पाळ्यांचे भोंगे आले, आणि काचांवर खाणावळीही आल्या. कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात ही नावे नाहीत. ऑस्ट्रेलियात अशा काचा कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहात जपल्या आहेत. मला माझ्या मिळाल्या त्या एका बंद पडलेल्या थिएटरच्या भंगारात, किलोच्या भावाने.

त्यातल्या एका काचेवर लिहिले होते : 'लग्नसराईचे कपडे वेळेवर मिळतील. मु. पोफरण.' शेजारी लाल-हिरवी कात्री. मला ती विशेष आवडे, कारण तो पत्ता आता पत्ताच राहिलेला नाही. २००५ आणि २००६ साली तारापूरला आणखी दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवून दुसरीकडे वसवली गेली.

बोईसरच्या एका शाळेत मी या काचा एकदा मांडल्या होत्या. नातवाचा हात धरून आलेल्या एक म्हाताऱ्या बाई त्या काचेपाशी थांबल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊ, हे ह्यांचं अक्षर आहे."

मी म्हटले, "मावशी, काचा पेंटर रंगवत असत."

"पेंटरचे पैसे वाचावेत म्हणून ह्यांनीच रंगवली. मापाच्या वहीत असाच शेपटीचा 'र' काढायचे. घर बदलताना वह्या गेल्या. फोटो आहे, पण अक्षर कुठं नव्हतं."

त्यांनी काच मागितली नाही. फक्त आपल्या पदराने तिच्यावरची धूळ पुसली.

मी घरी आलो, पण झोप येईना. संग्रह करणाऱ्याचा धर्म असा, की आलेली वस्तू जाऊ द्यायची नाही. ती माझ्याकडे राहिली तर उद्या एखाद्या अभ्यासकाच्या उपयोगी पडेल. दिली तर त्या घरात एखाद्या दिवशी फुटेल. हे सगळे युक्तिवाद खरे होते. पण ज्या बाईंना त्या अक्षराचा 'र' पाठ होता, त्यांच्यापेक्षा मोठा अभ्यासक मला कुठून मिळणार? काचेचे छायाचित्र मी काढून ठेवले आणि रविवारी काच त्यांच्या नव्या घरी पोचवली. त्यांनी ती खिडकीत ठेवली. सकाळच्या उन्हात भुईवर लाल-हिरवी कात्री उमटली, आणि नातू तिच्यावर पाय न पडेल अशा बेताने चालू लागला.

तेव्हापासून मी उलट्या दिशेने हिंडतो. पूर्वी काचा शोधत असे, आता काचांवरच्या नावांची घरे शोधतो. चष्मेवाल्याची मुलगी सापडली आहे. गिरणीवाल्यांचा पत्ता लागायचा आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरातले कोणी पालघर, बोईसर, तारापूरकडे एकेकाळी दुकान मांडून बसले असेल, तर या दिवाळीत जुन्या माणसांना जरा विचारून पाहा : 'आपली कधी सिनेमात पाटी लागली होती का?' उत्तर 'हो' असे आले, तर तिचा मजकूर लगेच लिहून ठेवा. काच मिळो न मिळो; ती पाटी वाचलेले डोळे अजून घरात आहेत, तोवर हे काम उरकून घ्यावे.