मोतीची भाकरी

आमच्या स्वयंपाकघरात चिरायचे दोन बोर्ड आहेत. पांढरा आमचा, लाल मोतीचा. लाल बोर्डावरची सुरी पांढऱ्यावर येत नाही आणि मोतीचे भांडे आमच्या भांड्यांत मिसळत नाही. घरी येणाऱ्या स्नेह्यांपैकी एकाने हे पाहून हसत विचारले, "आपणच पुन्हा शिवाशिव सुरू केली की काय?" आम्हीही हसलो, पण प्रश्न मनात रुतून बसला. म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

बिन महमूद हा दोह्यातील दाट वस्तीचा भाग. येथील इमारतींत दर वर्षा-दोन वर्षांनी शेजारी बदलतात. २०२१च्या सप्टेंबरात वरच्या मजल्यावरील कुटुंबाची नोकरी संपली. नोकरीबरोबर वास्तव्याचा परवानाही संपतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. गाडी विकली जाते, सोफा विकला जातो; कुत्र्याला मात्र गिऱ्हाईक मिळत नाही. जेमतेम चार महिन्यांचे ते मादी पिल्लू आमच्या दारात आले. त्याचे नाव लूलू, म्हणजे अरबीत मोती. आम्ही तिला मोतीच म्हणू लागलो.

तिला काय खाऊ घालावे याचा आम्ही फार अभ्यास केला, निदान तशी आमची समजूत होती. ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ साली पुस्तक लिहून कुत्र्यांना कच्चे मांस आणि हाडे द्यावीत असा विचार मांडला, त्यातून कच्च्या आहाराचा पंथ जगभर पसरला. कुत्रा लांडग्याचा वंशज, तेव्हा त्याला लांडग्याचे अन्न द्यावे, असे त्यामागचे तर्कशास्त्र. आम्हाला ते पटले. मांसात मिसळण्यासाठी एक कोरडे मिश्रणही मिळते: ओट्स, वाळवलेले गाजर, जवस, समुद्री शेवाळ आणि कॅल्शियम. कोमट पाण्यात भिजवून ते फुगले की मांसात कालवायचे. आम्ही एक पिशवी आणली. ते जनावराच्या भरड्यासारखे दिसत होते, मोती ते चाटून बाजूला सारी. पिशवी संपली, दुसरी आणली नाही. नुसते बिनहाडाचे ताजे गोमांस तिच्या भांड्यात पडू लागले.

यात काटकसर नव्हती, उलट अभिमान होता. ज्या घरात दोन पिढ्यांपूर्वी मेलेल्या ढोराचे मांस वाटून घेतले जाई, त्या घरातील कुत्री आज किलोच्या भावाने ताजे मांस खाते, हे आम्हाला आत कोठेतरी सुखावत होते. हे आम्ही कोणाजवळ बोललो नाही. एकमेकांजवळसुद्धा नाही.

नोव्हेंबरात आई आली. औसा तालुक्यातील आमच्या गावाहून ती प्रथमच देशाबाहेर निघाली होती. मोतीचे भांडे तिने बराच वेळ पाहिले.

"एवढं गोश्त आमी लगनातबी बगितलं न्हाई," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "नुस्तंच? संगं भाकर न्हाई?"

आम्ही लांडग्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "लांडगा आसंल त्येचा आजा. ह्ये तर दारातलं हाय."

आम्ही विषय सोडून दिला. गावाकडची समजूत म्हणून मनातल्या मनात थोडे हसलोही.

डिसेंबरात मोती लंगडू लागली. आधी मागचा उजवा पाय, मग दोन्ही. उचलून घेतले की कण्हायची. क्ष-किरण चित्रात तिची हाडे धुरकट दिसत होती. पशुवैद्यांनी आहार विचारला आणि आमचे उत्तर ऐकून पेन खाली ठेवले. शंभर ग्रॅम मांसात कॅल्शियम सुमारे १० मिलिग्रॅम, फॉस्फरस मात्र २००च्या आसपास. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडे अधिकच लागते. ते अन्नातून मिळाले नाही की रक्तातील पातळी राखण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतून ते ओढून घेते. लांडगा शिकारीची हाडे चावतो, पोटातले खातो; बिनहाडाचे तुकडे हे लांडग्याचेही अन्न नव्हे. जे कोरडे मिश्रण आम्ही टाकून दिले, त्यातच हा तोल होता. अजून महिनाभर असेच चालले असते तर उडी मारतानाच पाय मोडला असता, असे ते म्हणाले.

कुत्र्याला पिठूळ अन्न पचत नाही, हेही आम्ही ठामपणे मानत होतो. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१३ साली नेचर नियतकालिकात दाखवून दिले आहे की, स्टार्च पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात, कुत्र्यात त्याहून कितीतरी अधिक. माणसाच्या उकिरड्याजवळ, माणसाच्या भाकरीवर जगता जगता हा बदल झाला असावा. ते दारातले झाले, ते असे.

त्या रात्री आम्ही आईजवळ बसलो. तिने आम्हाला बोल लावला नाही. भाकरीबद्दल मात्र ती बोलली, आणि हे तिने आम्हाला पूर्वी कधी सांगितले नव्हते. ती लहान असताना तिची आई संध्याकाळी गावात भाकरी मागायला जाई, आणि ती पदर धरून मागे. वाड्यांच्या दारात कुत्रीही थांबलेली असत. घरधनीण बाहेर येई, शिळी भाकरी मोडी. एक तुकडा कुत्र्यापुढे, एक वरून हिच्या पाटीत. "येकच भाकर आसायची ती," आई म्हणाली. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडण्यास सांगितले होते. आमच्या आजोबांच्या घरी ते पाळले गेले १९५६नंतर. आई तेव्हा आठ वर्षांची होती. पहिल्या काही महिन्यांत उपाशी झोपल्याचे तिला आठवते.

कुत्रे आणि आम्ही यांचा संबंध असा जुना आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांचे धन म्हणून कुत्री आणि गाढवेच नेमून दिली आहेत. म्हणूनच १९३४ सालचे राजगृहातील ते छायाचित्र आम्हाला फार आवडते: बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि त्या सर्वांबरोबर टॉबी. तेथे कुत्रा कोणी नेमून दिलेला नाही. आवडीने पाळलेला आहे.

मोती तीन महिने लहान जागेत बांधून होती आणि पिल्लांचे तयार संतुलित खाद्य खात होती. वर्षाची झाल्यावर पशुवैद्यांच्या मोजमापाने मांस आणि भिजवलेले मिश्रण पुन्हा सुरू झाले. दिवसाचे एकूण अन्न तिच्या वजनाच्या अडीच टक्के, तेही डोळ्यांनी नव्हे, काट्यावर. कच्च्या मांसातील साल्मोनेला गोठवण्याने मरत नाही. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने २०१२पासून कच्च्या मांसाविरुद्ध मत नोंदवले आहे, ते याच कारणाने. म्हणून लाल बोर्ड, साबण, आणि घरात वडीलधारे वा लहान पाहुणे असले की मांस उकडूनच. लाल बोर्ड जंतूंसाठी आहे. मोती आमच्या पायांशीच झोपते, हे त्या स्नेह्यांना सांगायचे राहिले होते.

पहिल्या शीलाचा प्रश्नही एका भगिनीने विचारला. जीवक सुत्तात भगवंतांनी जे मांस आपल्यासाठी मारले असे पाहिले, ऐकले वा संशयिले, तेवढेच भिक्खूंना वर्ज्य सांगितले आहे. बाजारातील मांसाला ते कितपत लागू करावे, यावर आमच्या दोघांत अजून एकमत नाही.

जाण्यापूर्वी आईने बाल्कनीत दोरी बांधून चान्या वाळत घातल्या. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यानंतर बैलाचे मांस तिने पाहिलेच नव्हते. दोह्याच्या जानेवारीच्या उन्हात तिला तीन दिवस लागले. मोतीसाठी बिनमिठाची एक ओळ वेगळी होती.

आता दर शुक्रवारी फोनवर ती प्रथम मोतीची चौकशी करते. रोज चतकोर ज्वारीची भाकरी मोतीला द्यायची, एवढी सवलत पशुवैद्यांनी दिली आहे. आमची मुलगी एकदा म्हणाली, "आजी, कालची उरली होती, तीच दिली."

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग आई म्हणाली, "शिळी नगं घालू, बाळा. तिच्यापुरती ताजी थापत जा."