लेक गाइडच्या शिबिराला निघाली



शाळा सुरू होऊन महिना झाला की दप्तरातून एक कागद घरी येतो. मुलीचं नाव कुठल्या मंडळात घालायचं, ते लिहून खाली पालकांची सही. विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, राष्ट्रीय हरित सेना, रस्ता सुरक्षा दल, गाइड. आपल्यापैकी बऱ्याच जणी त्या कागदाकडे नीट बघतही नाहीत. "कशातही घाल, पण सुटल्यावर वेळेत घरी ये," असं म्हणून सही करून मोकळ्या होतात.

पाचवी-सहावीपर्यंत त्यातही काही अडत नाही. भित्तिपत्रकाला चित्र लागतं, आपण रंग आणून देतो. हरित सेनेत रोपं लावायची असतात, आपण जुन्या दुधाच्या पिशव्या धुऊन देतो. खरी अडचण येते आठवीत. तेव्हा एखाद्या उपक्रमाला संध्याकाळ होते, एखाद्याला मुक्काम करावा लागतो. मग आपल्या घरांतून एकच उत्तर येतं, "आपल्याला नाही जमायचं." रात्री जेवत नाही, कांदा-बटाटा खात नाही, पाणी गाळून पितो, आणि त्यात मुलगी मोठी झाली. गेल्या दोन वर्षांत मी आपल्याच ओळखीच्या तीन-चार मुलींची नावं अशी कमी झालेली पाहिली.

माझी धाकटी मुलींच्या शाळेत आठवीत आहे आणि गाइडमध्ये आहे. डिसेंबरात तिचं दोन रात्रींचं शिबिर होतं. आमच्याकडेही हाच प्रश्न उभा राहिला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गाइड म्हणजे काय ते सांगते, कारण पुष्कळ जणींना ती फक्त निळा पोशाख आणि शिट्टी एवढीच माहीत असते. १९०९ साली लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसला मुलांच्या स्काऊटचा मोठा मेळावा भरला होता. तिथे काही मुली न बोलावता स्काऊटसारखा वेष करून हजर झाल्या आणि आम्हालाही घ्या म्हणाल्या. पुढच्याच वर्षी बेडन पॉवेल यांची बहीण ॲग्नेस हिच्या हाताखाली मुलींची वेगळी संघटना सुरू झाली. आपल्या देशात १९११ मध्ये जबलपूरला गाइडची सुरुवात झाली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये भारत स्काऊट्स आणि गाइड्स ही संस्था झाली आणि १९५१ मध्ये गाइडही तिच्यात आल्या. म्हणजे मुलींनी स्वतः मागून घेतलेली ही गोष्ट आहे, कुणी त्यांना दिलेली नाही.

शाळेत सहा ते आठ मुलींचा एक गट असतो. गटाची एक नायिका. कामं गटाने वाटून घ्यायची आणि बाईंनी लांबून बघायचं. गाठी मारायला शिकवतात, प्रथमोपचार शिकवतात, काठ्या आणि दोरी एवढ्यावर चपला ठेवायचा स्टँड उभा करायला लावतात. 'खरी कमाई' हा उपक्रम असतो, त्यात स्वतः काहीतरी करून विकायचं आणि हिशोब द्यायचा. आमच्या मुलीच्या गटाने भेळ केली होती. कांदा वेगळा ठेवायचा आणि मागेल त्यालाच घालायचा, हे तिने गटात सुचवलं आणि मुलींनी मान्य केलं. विक्रीत काही कमी पडलं नाही. दोन दिवस घरी चिंचेच्या कोळाचा खर्च कसा धरायचा यावर चर्चा चालली होती. दुकान सांभाळणाऱ्या आपल्या घरांतल्या मुलींनाही स्वतःच्या हाताने नफा काढायची संधी कुठे मिळते?

मला सगळ्यात आवडली ती त्यांची प्रतिज्ञा आणि नियम. प्रतिज्ञेत ईश्वराबद्दलचं कर्तव्य येतं, पण ज्याला हवं त्याने 'ईश्वर'च्या जागी 'धर्म' म्हणावं, अशी मुभा तिथेच दिलेली आहे. आपण जगाचा कर्ता ईश्वर मानत नाही, त्यामुळे मला हे फार मोलाचं वाटलं. लेक 'धर्म' म्हणते. नियम नऊ आहेत. पाचव्यात गाइड प्राण्यांची मैत्रीण असते आणि निसर्गावर प्रेम करते. आठव्यात ती काटकसरी असते. नवव्यात ती विचार, उच्चार आणि आचार यांत शुद्ध असते. मन, वचन, काया! हे मी वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर आपलंच आहे की." सलाम करताना त्या तीन बोटं जोडतात, त्यांतही सासूबाईंना रत्नत्रय दिसलं. मी काही बोलले नाही, दिसू दे म्हटलं.

पण शिबिराचं नाव काढलं तेव्हा त्याच सासूबाई गप्प झाल्या. मग विचारलं, "रात्री जेवायला देणार तिथे?" वेळापत्रकात शेकोटीनंतर आठ वाजता जेवण होतं. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो. शिवाय बिनभांड्यांचा स्वयंपाक, म्हणजे निखाऱ्यात बटाटे.

आमच्या लेकीचं बाल्यातलं म्हणणं, "आज्जी, मी उपाशी राहीन, पण जाऊ दे." सासूबाई म्हणाल्या, "उपाशी कशाला राहायचं? नियम आपला आहे, तर सोय आपण करायची. दुसऱ्याने का करावी?"

हेच मला सगळ्यांना सांगायचं आहे. आचार पाळायचा म्हणून मुलीला घरात बसवलं, तर आचार आपण पाळला, तिने नाही. घरात सगळंच गाळलेलं आणि निवडलेलं मिळतं. तिथे नियम पाळायला तिला काहीच करावं लागत नाही. बाहेर गेल्यावर पहिल्यांदा तो नियम तिचा होतो.

मी शाळेत जाऊन गाइडच्या बाईंना भेटले. पाच मिनिटांचं काम होतं. त्या म्हणाल्या, साडेपाचला चहाच्या वेळी ती जेवून घेईल, त्यात काय एवढं. डब्यात आम्ही दशम्या, खाकरे, मेतकूट आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी दिली. बटाट्याऐवजी सालासकट कच्ची केळी निखाऱ्यात छान भाजतात, आणि काठीला कणीक गुंडाळून भाजता येते. पाण्यासाठी सासूबाईंनी जुन्या सुती धोतराचं दुपदरी गाळणं शिवून दिलं. ते घागरीच्या तोंडाला गाठ मारून बांधायचं. ती गाठ कुठली, हे उलट नातीने आजीला शिकवलं. आणि निघताना आजीचं शेवटचं सांगणं, "चूल पेटवायच्या आधी लाकूड आपटून बघ. आत मुंग्या असतात."

परत आल्यावर कळलं की दुसऱ्या दिवशी तिच्या गटातल्या सगळ्याच मुली लाकूड आपटून घेत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, बघून करू लागल्या. एका ओंडक्यातून खरंच मुंग्यांची रांग निघाली, तो त्यांनी झाडाखाली नेऊन ठेवला. पाचवा नियम त्या रोज म्हणत होत्या, तिथे तो हाताने पाळला गेला. प्रवचनात अहिंसा ऐकणं आणि सात मैत्रिणींनी तुमच्याकडे बघून ओंडका बाजूला ठेवणं, यात फरक आहे. हे सांगताना लेकीचा चेहरा बघण्यासारखा होता.

मुलींच्या शिक्षणाची आपल्या समाजात परंपरा आहे, हे विसरू नका. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई लहान वयात विधवा झाल्या. घरात बसून राहण्याऐवजी त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालवला आणि आपल्यासारख्याच बायका-मुलींना शिकवलं. सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहा यांनी तेच काम वाढवलं. या दोघींनी धर्म सोडून शिक्षण घेतलं नाही, की धर्मासाठी शिक्षण सोडलं नाही. शाळेत मुलगी वर्गात जेवढं शिकते तेवढंच या मंडळांत शिकते. चारजणींत बोलणं, पैसे मोजणं, भांडण मिटवणं, वेळ पाळणं. उद्या ती सासरी जाईल, कॉलेजला परगावी राहील किंवा नोकरी करेल, तेव्हा हेच उपयोगी पडणार आहे. आणि तेव्हा पाणी गाळून द्यायला आपण तिच्याबरोबर नसू.

कागद घरी आला की एवढं करा. मुलीला काय हवं ते आधी विचारा. बाईंना प्रत्यक्ष भेटा, फोनवर नको. जेवणाची वेळ, पाणी, झोपायची जागा, बरोबर कोण शिक्षिका आहेत, सगळं विचारा. पाळी आली तर काय, हा प्रश्न आपण कुजबुजत विचारतो, तो सरळ विचारा, त्यांनाही सवय असते. डबा आपला द्या. बाकीच्या मुलींसाठीही दोन दशम्या जास्त घाला. आणि काही पटलं नाही, सोय नीट नाही असं दिसलं, तर खुशाल नाही म्हणा. पण विचारपूस केल्यावर म्हणा, आधी नको.

आमच्याकडे आता तृतीय सोपानाची तयारी चालू आहे. गाळण्याला कडेने नवी शिवण घालून ठेवली आहे.

तुमच्या मुली शाळेत कशात आहेत, आणि तुम्ही डब्याची सोय कशी करता, ते जरूर कळवा. टिकणाऱ्या पदार्थांची एक यादीच करूया.

जय जिनेंद्र.