काळी एक, मायनस तीन

बंगळुरातल्या कराओके बारमध्ये मराठी गाणं मागितलं की एकच उत्तर मिळतं. केजे, म्हणजे चिठ्ठ्या घेऊन नावं पुकारणारा आणि लॅपटॉप सांभाळणारा मुलगा, अगदी अदबीनं सांगतो, "सर, मराठीत ‘झिंगाट’ आहे." इंदिरानगरात हेच, कोरमंगलात हेच, चर्च स्ट्रीटच्या आसपास हेच. ‘झिंगाट’ मला मनापासून आवडतं. अजय-अतुल यांनी 2016 मध्ये ‘सैराट’साठी केलेल्या या गाण्यावर ओडिशाची, केरळची, बंगालची मुलं शब्द न कळता नाचतात, तेव्हा मला आनंदच होतो. पण पिढ्यानपिढ्या नाट्यपदं, भावगीतं, लावण्या आणि अभंग ऐकत-गात आलेल्या भाषेच्या वाट्याला यादीत एकच ओळ यावी, हे गेल्या गुरुवारपासून मनातून जात नाही. म्हणून या वेळी तेच लिहितो.

कारण शोधायला गेलो तर ते सरळच आहे. बारवाले एकतर पैसे भरून एखादा तयार संग्रह घेतात किंवा यूट्यूबवर आयत्या वेळी शोधतात. संग्रहांत इंग्रजी गाण्यांची रेलचेल, त्याखालोखाल हिंदी. तमिळ, मल्याळम, तेलुगू आणि कन्नड गाणी यूट्यूबवर मिळतात, कारण ती लोक मागतात आणि मागतात म्हणून कुणीतरी बनवून ठेवतं. मराठी ट्रॅक नाहीत असं नाही. पुण्यात आणि ठाण्यात निवृत्त मंडळींचे हौशी गट छोटी सभागृहं घेऊन कराओकेवर गातात, त्यांच्याकडे भावगीतांचे उत्तम ट्रॅक असतात. फक्त ते त्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये असतात. केजेला घाईत शोधून सापडेल अशा नावानं, पडद्यावर सरकणाऱ्या शब्दांसकट ते कुठे ठेवलेले नसतात.

एवढ्यावर मी थांबलो असतो. पण यादी चाळताना दुसरी गोष्ट लक्षात आली. आपल्याकडची बरीच आवडती गाणी ट्रॅकवर मुळात बसतच नाहीत. नाट्यपद घ्या. एकेक ओळ गायक किती वेळा घोळवेल, तान कुठे घेईल, समेवर कधी येईल हे त्या त्या रात्री ठरतं. बालगंधर्वांच्या नाटकांत ‘वन्स मोअर’ मिळाला की तेच पद पुन्हा नव्यानं उभं राहायचं. अशा गाण्याला मागे वाजणारी साथ थांबणारी लागते, आणि कराओके यंत्र थांबत नाही. ते सव्वाचार मिनिटांत संपतं, तुम्ही कुठेही असलात तरी.

माझ्या लहानपणीच्या गावात दर एकादशीला विठ्ठलमंदिरात भजन असायचं, आणि कराओकेचा विचार मी त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय करूच शकत नाही. आमचे पेटीवाले गुरुजी समोरचा माणूस तोंड उघडायच्या आत त्याची पट्टी ओळखायचे. तात्या उठले की पेटीची काळी एक, शिंपीआळीतले अण्णा उठले की पांढरी चार, शाळेतल्या बाई आल्या की काळी चार. कुणी वर चढवून धरलं आणि अंतऱ्याला आवाज पुरेनासा झाला, तर गुरुजी चालू अभंगात पट्टी उतरवून द्यायचे आणि पखवाजवाला एक आवर्तन तसंच खेळवत ठेवायचा. शब्द आठवला नाही तर टाळकरी ध्रुपद धरायचे. ते दोनदा-तीनदा घोळवायचे, तोवर गाणाऱ्याला पुढचं कडवं सापडायचं. गाणारा एकटा कधीच नसायचा. त्याच्या चुकीची जबाबदारी पंधरा माणसांनी वाटून घेतलेली असायची, म्हणून ज्यांना गाता येत नाही तेही तिथे गायचे. गळ्यात सूर नसलेला आमच्या गावातला सुतार दर एकादशीला एक गौळण म्हणायचा, आणि ती ऐकायला लोक थांबायचे, कारण ध्रुपदाला सगळं देऊळ त्याच्या बाजूनं उभं असायचं.

बारमधल्या यंत्राला यातलं काही येत नाही. पण यंत्राची जन्मकथा वाचली तेव्हा मला आश्चर्य वाटलं. ते बनलं एका साथीदाराच्या गैरहजेरीतून. दाइसुके इनोउए हा जपानमधल्या कोबे शहरात मद्यालयांतून गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करणारा वादक. एका छोट्या कंपनीच्या मालकाला सहलीला जाताना तो बरोबर हवा होता. त्याला जाता येईना, म्हणून त्यानं साथ टेपवर वाजवून दिली. त्यातून 1971 साली त्यानं नाणं टाकून वाजणारी यंत्रं तयार करवून घेतली. पेटंट त्यानं घेतलं नाही. त्याच्या चार वर्षं आधी, 1967 मध्ये, तोक्योच्या शिगेइची नेगिशी यांनीही असंच यंत्र केलं होतं, त्यामुळे पहिला मान कुणाचा यावर वाद आहे. मला पटते ती इनोउएची गोष्ट, कारण तिच्यात पेटीवाला आहे. स्वतः जाता येत नाही म्हणून साथ पाठवून देणारा माणूस आहे.

बंगळुरालाही अशा साथीदारांची आठवण आहे. इथल्या पबांत पूर्वी वाद्यवृंद सर्रास वाजायचे. सार्वजनिक करमणुकीच्या परवान्याचा 2005 चा पोलिसी आदेश 2018 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं वैध ठरवला, त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि त्या वर्षी अनेक ठिकाणचं जिवंत संगीत बंद पडलं. पबांच्या वर राहणाऱ्यांना झोप लागली पाहिजे हे मान्यच. निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा उगाच घातलेली नाही, आणि इंदिरानगरच्या रहिवाशांचा त्रास खरा आहे. तरीही गिटारवाल्याच्या पोटावर पाय आला आणि मोठमोठे स्पीकर शिल्लक राहिले, हे मला अन्यायाचं वाटतं.

असो. यंत्र थांबत नसेल तर त्याला आपल्याजवळ आणावं लागतं, आणि त्याची सोय यंत्रातच असते. हे बहुतेकांना ठाऊक नसतं. लोक मूळ गायकाच्या पट्टीत गायला उभे राहतात आणि अंतऱ्याला घसा ताणतात. केजेच्या लॅपटॉपवर पट्टी अर्ध्या अर्ध्या स्वरानं वर-खाली करता येते. त्याला ‘मायनस टू’, ‘मायनस थ्री’ एवढं सांगितलं की पुरे. हिशोब पेटीचाच आहे. ट्रॅक पांढरी तीनमध्ये असेल आणि तुमचा आवाज काळी एकचा असेल, तर मायनस तीन. पांढरी तीनवरून काळी दोन, मग पांढरी दोन, मग काळी एक. आपली पट्टी माहीत नसेल तर घरी फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा आणि खालच्या पंचमापासून वरच्या पंचमापर्यंत न ओरडता जाता येतं का, ते पाहा. बहुतेक पुरुषांना काळी एकच्या आसपास आणि बहुतेक स्त्रियांना काळी चार किंवा पाचला आराम वाटतो.

स्त्रियांनी पुरुषाचं गाणं घेताना विशेष जपावं. काळी एकवरून काळी चारपर्यंत यायला सात घरं, म्हणजे सात अर्धे स्वर, वर किंवा पाच घरं खाली जावं लागतं. तीन-चार घरांपुढे ट्रॅक ओढला की वाद्यांचा आवाज रबरासारखा ताणलेला लागतो. अशा वेळी स्त्रीच्या आवाजासाठी वेगळा बनवलेला ट्रॅक आहे का, हे आधी विचारावं. आणि गाणं मुखड्यावरून कधीच निवडू नये. मुखडा सगळ्यांनाच जमतो. अंतऱ्यातली सर्वांत वरची ओळ कोणती ते शोधून तेवढीच घरी म्हणून पाहावी. ती सहज आली तर बाकीचं गाणं तुमचंच आहे. माइक दांड्याला धरा, जाळीवर मूठ आवळू नका. त्यानं आवाज कोंदतो आणि शिट्टीही वाजते. वरचा स्वर आला की माइक थोडा दूर न्या. घुमारा कमी करायला सांगा, नाहीतर तुमचाच शब्द तुमच्या पुढच्या शब्दावर येऊन आदळतो. आणि पडद्यावर विसंबू नका. शब्द पाठ असलेला माणूस लोकांकडे बघून गातो, आणि बार देवळासारखा वागू लागतो तो तिथूनच. लोक ध्रुपद धरतात.

गेल्या गुरुवारी ते मी पाहिलं. साठीतले एक गृहस्थ, कपाळाला गंध, मुलाबरोबर आलेले. त्यांनी डॉ. राजकुमारांचं ‘आकस्मिक’मधलं ते प्रसिद्ध गाणं घेतलं, जन्म घ्यावा तर कन्नड नाडूत घ्यावा असं सांगणारं, हंसलेखांनी 1993 च्या चित्रपटासाठी लिहिलेलं. दुसऱ्या कडव्यात ते ट्रॅकच्या पुढे गेले. केजेनं काही केलं नाही, पण बारनं केलं. वेटर, दारावरचा माणूस, काँग्रेस कडलेकाईच्या, म्हणजे मसाला शेंगदाण्यांच्या, बशा घेऊन बसलेली टेबलं, सगळ्यांनी ध्रुपद उचललं आणि यंत्र येईपर्यंत त्यांना सांभाळून धरलं. ते उतरल्यावर शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, ओंदु कन्नड हाडु हाडि." सर, एक कन्नड गाणं म्हणा. मागणी साधी होती आणि रास्त होती. या शहरात आपण कमावतो, इथलं पाणी पितो, भाषेवरून इथे ताण आहे हेही रोज बघतो. एक गाणं मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.

मराठी मंडळी इथे बिचकतात. उच्चार चुकतील, लोक हसतील. मला हा संकोच पटत नाही. कन्नड चित्रपटसंगीताचे लाडके आवाज पाहा. राजकुमारांसाठी वर्षानुवर्षं गायलेले पी. बी. श्रीनिवास जन्मले आंध्रातल्या काकीनाड्यात. 1974 च्या ‘संपत्तिगे सवाल’पासून राजकुमार स्वतःच गाऊ लागले, पण बाकीच्या नायकांसाठी एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि नायिकांसाठी एस. जानकी, दोघंही तेलुगू. 2006 च्या ‘मुंगारु मळे’मधलं, आजही दर कराओके रात्री मागितलं जाणारं प्रेमगीत गायलंय सोनू निगम यांनी. ते लिहिणारे जयंत कायकिणी गोकर्णचे आणि उमेदीची कितीतरी वर्षं मुंबईत काढलेले. लता मंगेशकरांनीही 1967 च्या ‘क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा’साठी कन्नडमध्ये गायलं. बाहेरचा गळा या भाषेनं कधी परका मानला नाही.

आणि आपण? विठ्ठलाचे अभंग म्हटले की मराठी माणसाच्या कानात जो आवाज येतो तो गदगच्या भीमसेन जोशींचा, ज्यांची मातृभाषा कन्नड होती. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे. श्रीकांत ठाकऱ्यांच्या चालींवर मोहम्मद रफींनी मराठी गायलं, तेव्हा आपण उच्चार तपासत बसलो नाही. पुरंदरदासांनी आपल्या पदांत मुद्रा ठेवली तीही विठ्ठलाची. ज्या कर्नाटकानं आपल्याला इतके आवाज दिले, त्याच्या राजधानीत बसून आपण एक गाणं देऊ शकत नाही, याला मी तरी भिडस्तपणा म्हणणार नाही. तो आळस आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. पडद्यावर कन्नड शब्द बहुधा रोमन लिपीत येतात, आणि त्यात ळ कुठे, ल कुठे, स्वर आखूड की लांब, काहीच कळत नाही. ‘ळ’ आपल्याकडेही आहे, कन्नडमध्येही आहे, दोघांचाही रोमनमध्ये हरवतो. म्हणून गाणं आधी देवनागरीत लिहून काढावं. कन्नडमध्ये ए आणि ओ यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन्ही रूपं आहेत, तर दीर्घ असेल तिथे खाली रेघ मारावी. कार्यालयातल्या एखाद्या कन्नड सहकाऱ्याला वाचून दाखवावं. लोक आनंदानं शिकवतात. माझ्या गटातल्या सहकाऱ्यानं मला ‘मुंगारु मळे’चं गाणं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ओळ ओळ करून शिकवलं, आणि येत्या गुरुवारी मी ते गाणार आहे, मायनस तीनमध्ये.

तुम्हाला दोन विनंत्या. बंगळुरात असाल तर एक कन्नड गाणं, एकच, पण शब्द पाठ करून, आपल्या पट्टीत बसवून ठेवा. आणि पुण्या-ठाण्यातल्या कराओके मंडळींनो, तुमच्या पेन ड्राइव्हमधली भावगीतं रीतसर परवानगी घेऊन, स्त्री आणि पुरुष दोन्ही पट्ट्यांत, देवनागरी शब्दांसकट यूट्यूबवर ठेवा. नाव रोमनमध्येही लिहा. इथला केजे त्याच लिपीत शोधतो.